बसलेल्या माणसासमोरून

१

आमच्या घराला भिंती नाहीत, खांब आहेत. घरात कोण आलं, कोण गेलं हे सवाईई बेटावर कुणाला विचारावं लागत नाही, मान वळवली की झालं. मला मात्र महिनाभर विचारत बसावं लागलं.

गाठीवरच्या औषधाचा चौथा डोस घेऊन आल्यावर तिसऱ्या सकाळी मी उठले तर सगळं राखाडी. वाटलं, पावसासाठी माझ्या मुलीनं, लुपेनं, झावळ्यांचे पडदे सोडलेत. मी खेकसले, "अगं, उजेड येऊ दे की! घर आहे का पेटारा?" लुपे जवळ आली आणि तिनं माझ्या तोंडासमोर हात हलवला, त्याचा वारा मला लागला. पडदे वरच होते.

बत्तीस वर्षं मी इस्पितळात नर्स होते. माणसाला वाईट बातमी कशी द्यायची हे मी कितीतरी पोरांना शिकवलं, त्यातलाच एक डॉक्टर फोनोती. त्यानं राजधानीत, अपियाला, मला तपासलं, टॉर्च मारला, आणि मीच शिकवलेल्या आवाजात बोलायला लागला.

"सिस्टर, डोळे ठणठणीत आहेत. बाहुल्या छान हलतायत. मेंदूचा बघणारा भाग असतो ना, त्याला औषध बाधलंय. फार क्वचित होतं असं."

"क्वचितचं ते नेमकं माझ्याच वाट्याला?"

"तुम्ही कधी रांगेत मागे उभ्या राहिलात?" तो म्हणाला. मग गंभीर झाला. "दोन डोस उरलेत, ते थांबवतो. महिन्याभरात दिसायला लागलं तर हे औषध पुन्हा नाही. पुन्हा दिलं तर दृष्टी कायमची जाईल. दुसरं सौम्य औषध देऊ, गाठ त्याला किती जुमानेल ते बघू. आणि नाहीच दिसलं, तर गमावायला काही उरलं नाही. मग हेच पुरं करू."

निघताना म्हणाला, "मधेच काही भलतंसलतं दिसलं तर घाबरू नका. मेंदूला चित्रं मिळाली नाहीत की तो आपली आपण काढतो."

हे वाक्य मी जपून ठेवलं. पुढे बरेच दिवस मी त्याच्याच आधारानं काढले.

२

न दिसणाऱ्या माणसाचं घर कानात असतं. समुद्राकडच्या बाजूला आमचे पाच खांब. पहिला माझ्या उशाशी. दुसऱ्यापाशी लुपेचं कापड रंगवण्याचं फळकूट. अपियातली नोकरी सोडून आल्यापासून ती लुंग्यांवर ठसे उठवून विकायची, दिवसभर रूळ फिरल्याचा चिकट आवाज आणि रंगाचा वास. तिसऱ्यापाशी माझी मैत्रीण मासिना, केवड्याच्या पात्यांची चटई विणत. चौथा मोकळा. पाचवा पायरीपाशी. चूल अंगणात, त्यामुळे येणारं जाणारं माणूस पाचव्यावरूनच घरात चढणार.

आणि बसलेल्या माणसासमोरून जायचं तर पाठ वाकवायची, हात खाली धरायचा आणि "तुलोऊ", म्हणजे माफ करा, म्हणायचं. माझ्या पोरीला मी हे बोलायच्या आधी शिकवलंय. चुकली की पोटरीवर फटका. आता पस्तिशीची झाली तरी तिची पाठ आपोआप वाकते.

एका सकाळी ती चुलीकडून कोको घेऊन आली. पावलं पायरी चढली. "तुलोऊ." चार पावलं. "तुलोऊ." मग माझ्यापाशी कप ठेवला.

दुसरा तुलोऊ मासिनासाठी. पहिला कुणासाठी?

"कोण आलंय गं?" मी विचारलं.

"कुणी नाही. का?"

"पायरीपाशी कुणी बसलंय?"

"कोंबडीसुद्धा नाही," मासिना म्हणाली. "सिने, डोळे गेले म्हणून आता कानांनी चहाड्या करायला लागलीस का?"

मी हसले. मासिना माझ्यावर हसली की मला बरं वाटतं, आजारी झाल्यापासून बाकीचं सगळं गाव माझ्याशी चर्चमध्ये असल्यासारखं बोलायचं. पण दुपारी मासिना घरी गेल्यावर लुपे पुन्हा पायरी चढली, आणि रिकाम्या घरात, पाचव्या खांबापाशी, अगदी हळू म्हणाली, "तुलोऊ."

"कुणाला म्हणालीस?"

"काय म्हणाले?"

"तुलोऊ म्हणालीस आत्ता."

"आई, मी तोंडच उघडलं नाही," लुपे म्हणाली. मी तिला जन्मापासून ओळखते. खोटं बोलताना तिचा आवाज चढतो. तो चढला नव्हता.

३

मी मनाशी म्हटलं, सवय आहे. डोकं घरातल्या आजारपणात अडकलेलं, पाठ आपली वाकते, तोंड आपलं बोलतं. झोपेत डोस मोजणाऱ्या नर्सा मी पाहिल्यात. शिवाय माझ्या स्वतःच्या मेंदूचा भरवसा काय? चित्रं काढतो तसे आवाजही काढत असेल.

मग गुरुवारी हेदर आली. ही न्यूझीलंडहून सहा महिन्यांसाठी आलेली नर्स, मनानं चांगली, पण चालणं म्हणजे परेड. दहा माणसं बसलेली असोत, ही मधून ताठ जाणार. मी दोनदा सांगून पाहिलं आणि सोडून दिलं.

तिची पावलं पायरी चढली आणि थबकली. मग कपडा सळसळला, वाकताना सळसळतो तसा. "सॉरी हं," ती म्हणाली आणि पुढे आली.

माझ्या हाताला पट्टा बांधून ती रक्तदाब बघायला लागली.

"हेदर, तू सॉरी कुणाला म्हणालीस?"

"त्या तिथे कुणीतरी..." पट्ट्यातली हवा सुटत गेली. ती वळून बघत असावी. "नाही, कुणी नाहीये. चटईची गुंडाळी असेल. मला वाटलं, कुणीतरी बसलंय."

"आज जरा जास्तच आहे," ती रक्तदाबाबद्दल म्हणाली.

ती गेल्यावर मी लुपेला विचारलं, पाचव्या खांबापाशी गुंडाळलेली चटई आहे का? ती म्हणाली, नाही, सगळ्या चटया मासिनाकडे वाळत आहेत.

तेव्हा मला उलगडा झाला, आणि रागही आला. शेजारच्या गावात तेल चोळून, पाला लावून आजार काढणारी एक म्हातारी आहे. नोकरीत असताना मी तिला इस्पितळाच्या ओसरीवरून दोनदा हाकललं होतं. लुपेनं माझ्या चोरून तिला आणून बसवलं असणार. माझ्या दृष्टीसाठी ती पोर काय वाटेल ते करायला तयार होती; रोज पहाटे गुडघ्यांवर बसून 'माझं हवं ते घे' असं पुटपुटताना मी ऐकत होते. म्हातारी मला घाबरून गप्प बसत असेल आणि सगळे मिळून तिला लपवत असतील. हेदरलाही सामील करून घेतलेलं दिसतंय. हुशार आहेत, म्हटलं.

४

दोन दिवस मी मुद्दाम काही बोलले नाही. बसू दे तिला तिथे वाऱ्यात.

पण मला ते जमेना. मी फटकळ आहे, भांडकुदळही म्हणतात, पण माझ्या घरात माणूस येऊन पायरीपाशी बसलंय आणि मी त्याला या म्हटलेलं नाही, हे माझ्या घशाखाली उतरेना. आमच्यात यजमानीणबाईनं रीतसर स्वागत केल्याशिवाय पाहुणा तोंड उघडत नाही, की जागचा हलत नाही. त्याला तसं ताटकळत ठेवणं म्हणजे थोबाडीत मारणं. माझ्या आईनं तर जमिनीच्या भांडणातल्या शत्रूलाही आधी या म्हटलं होतं, मग शिव्या दिल्या.

शनिवारी दुपारी लुपे दुकानात गेली होती. मासिना नव्हती. समुद्र ओहोटीला, त्यामुळे सगळं शांत. मी उठून बसले, मांडी घातली, लुंगी नीट केली, आणि पाचव्या खांबाकडे तोंड करून पूर्ण स्वागत म्हटलं. आपण आलात, आमच्या घराचा मान वाढला. आपल्या पायांना लांबचा रस्ता पडला. हे घर आपलं आहे, आत यावं, आपल्या जागी बसावं. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही, म्हणून साध्या भाषेत जोडलं, "आणि त्या तेलाचा एक थेंब मला लावलात तर याद राखा."

उत्तर आलं नाही. स्वागताला पाहुण्यानं उत्तर द्यायचं असतं, निदान "बरं" तरी. मी थांबले.

मग चटईचा आवाज झाला. कोरड्या चटईवरून बसल्या बसल्या सरकावं तसा. म्हातारी माणसं सरकतात, हात टेकून, अंग उचलून, थोडं थोडं. पाचव्यापासून चौथ्यापर्यंत आला आणि थांबला.

लुपे आली तेव्हा मी तशीच चौथ्याकडे तोंड करून बसले होते.

"कुणाशी बोलत होतीस? रस्त्यावर ऐकू येत होतं."

"तुझ्या त्या तेलवाल्या बाईशी. लपवू नकोस आता, मी या म्हटलंय तिला."

"कुठली तेलवाली?" लुपे म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "आई, ती तर महिन्याभरापासून मुलाकडे ऑकलंडला आहे. तिच्या नातीचं लग्न नाही का?"

बोलता बोलता ती पिशवी घेऊन आत आली. चौथ्या खांबापाशी तिची पाठ वाकल्याचं तिच्या आवाजावरून कळलं. "तुलोऊ," ती म्हणाली आणि त्याच दमात लग्नाबद्दल बोलत राहिली.

५

सोमवारी मला उजेड दिसला.

डाव्या कडेनं आधी पांढरी रेघ आली. दुपारपर्यंत ती पट्टा झाली. मी लुपेला हाक मारली तेव्हा तिच्या हातातला रूळ पडला. ती माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की माझा खांदा भिजला. मासिनानं येऊन विचारलं, "मी दिसते का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "बरं झालं, हळूहळूच बघ, एकदम झेपणार नाही." आम्ही तिघी वेड्यासारख्या हसलो. त्या दिवशी मी खरंच सुखी होते, हे मला लिहून ठेवलं पाहिजे.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर लुपेनं जेवण वाढलं. माशाचं कालवण, अळकुड्या. वाडगा चटईवर टेकला की टप असा आवाज होतो. टप. टप. टप.

"तिसरा कुणाला?" मी विचारलं. मासिना केव्हाच गेली होती.

"तिसरा कुठे? दोनच तर आहेत," लुपे म्हणाली. मी हात लांब करून चाचपलं. तिच्या पलीकडे वाडगा होता. कालवणाची वाफ माझ्या बोटांना लागली. मी हात मागे घेतला. सकाळी तो वाडगा तिनं धुतला असेल तर तिला तेही ठाऊक नसेल.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्यात काळ्या उभ्या रेघा दिसायला लागल्या. खांब! मी लहान मुलीसारखी बोट दाखवून मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

पुन्हा मोजले. सहाच. सहावी रेघ बुटकी होती, बाकीच्यांच्या अर्ध्याएवढी, आणि तिसऱ्या खांबाच्या अलीकडे होती. मासिना त्या दिवशी तापानं घरी पडून होती.

मेंदू चित्रं काढतो, मी मोठ्यानं म्हटलं.

"काय गं?" लुपेनं विचारलं.

"काही नाही. बाळा, तुझा आवाज बसलाय का?"

"रंगाच्या वासानं होतं. आणि अंगही जरा जड वाटतंय," ती म्हणाली. "तू माझी नर्स नको होऊस आता, स्वतःचं बघ."

६

नर्स व्हायचं नाही तर मी दुसरं काय होणार? मी नीट पडताळा घ्यायचं ठरवलं. जेवढं दिसायला लागलं तेवढं ते जवळ आलं, हे खरं की माझ्या डोक्याचं? उजेड डोळ्यांना बोचतो असं सांगून मी फडकं घट्ट बांधलं आणि दोन दिवस सोडलं नाही.

पहिल्या दिवशी लुपेचा तुलोऊ तिसऱ्यापाशी होता. दुसऱ्या दिवशी चौथ्यापाशी. तिचा आवाज मोकळा झाला, ती गाणं गुणगुणायला लागली. दुसऱ्या संध्याकाळी वाडगे दोनच वाजले.

म्हणजे मला दिसलं की ते पुढे सरकतं, डोळे झाकले की मागे, हे मला कळलं. कळायला नको होतं, पण कळलं.

तिसऱ्या सकाळी लुपेनं स्वतःच माझं फडकं ओढून काढलं. "देवानं दृष्टी परत दिली आणि तू ती झाकून बसतेस? बघ माझ्याकडे!" आणि मी बघितलं. कुठल्याही आईनं बघितलंच असतं. धुक्यात तिचा चेहरा होता, गालावर निळ्या रंगाचा डाग, महिन्याभरात किती वाळली होती पोर. मी दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि तासभर सोडलं नाही. फडकं माझ्या मांडीवर पडून होतं. ते माझ्याच हातात आहे तोवर मी ते रोज सोडणार, हे मला तेव्हाच समजलं. माझी मला खात्री नव्हती.

दुपारी ती फळकुटापाशी बसली. मी पहिल्या खांबाला टेकून बघत होते. धुकं हळूहळू निवळत होतं, ओला कागद वाळावा तसं. रूळ फिरताना दिसला. तिचा उजवा हात दिसला. डावं कोपर तिनं अंगाशी धरलं होतं. रूळ डाव्या बाजूला न्यायचा असला की ती कोपर आणखी आत घ्यायची, शेजारी बसलेल्याला लागू नये म्हणून घेतात तसं. शेजारी कुणी नसताना असं बसून कुणी काम करत नाही.

मग शेजारचं दिसलं.

पाठ होती. माझ्याकडे पाठ. बसणं अगदी रीतीचं, मांडी घातलेली, मांडीवर चटई पांघरलेली, मान खाली. चटई जुनी होती आणि ओली होती. गुडघा लुपेच्या गुडघ्याला टेकलेला. आमच्यात असं एकाच प्रसंगी बसतात. आजाऱ्याला भेटायला गेलं, आणि आता फार दिवस नाहीत हे सगळ्यांना माहीत असलं, की असं गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मी स्वतः कितीजणांपाशी तशी बसलेय.

इतके दिवस मला वाटत होतं, पाहुणा आलाय तो माझ्यासाठी. आजारी मी होते. पण तोंड लुपेकडे होतं.

लुपे खोकली. तिनं मान वर करून मला हसून विचारलं, "दिसतेय का मी?" आणि ते डोकंही माझ्याकडे वळायला लागलं, सावकाश, कुणी हाक मारल्यावर वळतं तसं. कानाची पाळी दिसली. गालाची कड दिसली. मी डोळे गच्च मिटून घेतले.

"नाही गं," मी म्हटलं. "पुन्हा सगळं राखाडी झालंय."

७

बुधवारी अपियाला तपासणी होती. बोटीवर ही गर्दी, पोती, डुकरं, लग्नाची वऱ्हाडं. लुपेच्या डाव्या हाताची जागा पूर्ण दीड तास रिकामी राहिली. माणसं उभी होती, पण तिथे कुणी बसलं नाही, आणि बसू का म्हणून कुणी विचारलंही नाही. मी मान खाली घालून पायांकडे बघत होते. पाय दिसत होते. चपलेचा तुटका अंगठासुद्धा दिसत होता.

फोनोतीनं खोलीत घेतलं. लुपे माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली. ती आता ताठ बसून खोकत नव्हती, वाकून खोकत होती. तिच्या बाजूला मी पाहिलं नाही.

"लुपे म्हणते, मधे उजेड दिसत होता," तो म्हणाला.

"भास होते. तूच म्हणाला होतास, मेंदू चित्रं काढतो."

त्यानं टॉर्च मारला. बाहुल्या हलल्या असणार, त्या पहिल्यापासून हलतच होत्या. असल्या अंधत्वात बाहुलीवरून काही कळत नाही. रुग्ण सांगेल तेच खरं धरावं लागतं. हे त्याला मीच शिकवलं होतं.

"सिस्टर, किती बोटं?"

तीन. नखं वाढली होती. अनामिकेत अंगठी होती, म्हणजे या पोराचं लग्न झालं आणि मला कुणी सांगितलं नाही.

"कुठली बोटं?" मी म्हटलं.

त्यानं टॉर्च खिशात टाकला. "नीट सांगा. थोडं जरी दिसत असेल तरी मी हे औषध देणार नाही. यानंतर नजर परत येणार नाही."

"किती वेळा सांगू? काळोख आहे. दोन डोस उरलेत ना? ते पुरे कर आणि मला मोकळी कर."

लुपे रडायला लागली. "आई, अजून थोडे दिवस थांबू या. येईल दृष्टी. मी खरंच सांगते, येणार आहे. मी मागितलंय."

"तू मागणं बंद कर," मी म्हटलं. फार कठोर बोलले. तिला आजही वाटत असेल की मी देवावर रागावले होते.

दुपारी त्यांनी मला खिडकीजवळच्या पलंगावर घेतलं. नर्स नवीन होती, शीर सापडेना, दोनदा टोचलं. बाटली वर टांगली, थेंब सुरू झाले. लुपे उजव्या हाताला बसली होती. ऊन तिच्या तोंडावर होतं. भुवईत लहानपणी पडल्याची खूण, कानामागे निळा रंग अजून राहिलेला, खालच्या ओठाला ती दातानं सोलत होती. इतकं स्वच्छ मला पाच आठवड्यांत काही दिसलं नव्हतं. तिच्या पलीकडे काहीतरी हललं, तिकडे मी नजर जाऊ दिली नाही. मी तिच्याकडेच बघत राहिले, आणि तिला वाटत होतं की मी कुठेच बघत नाहीये.

"आई, डोळे मीट," ती म्हणाली. "कशाला उगाच ताणतेस? दमशील."

अजून थोडं बघू दे, असं तोंडाशी आलं होतं. मी जीभ चावली.